पहिला वाइडबँड स्पायरल अँटेना: भुजा सोप्या, फीडवर वेळ घालवा

भारताच्या नाविक या दिशादर्शन प्रणालीचे उपग्रह ११७६.४५ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि २४९२.०२८ मेगाहर्ट्झवरही. जीपीएस या दोन्हींच्या मध्ये, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर. मे २०२३मध्ये एनव्हीएस-०१ हा उपग्रह वर गेला आणि नाविकही त्या मधल्या वारंवारतेवर आलं. हे सगळं एका साध्या पॅच अँटेनावर (बोर्डावरचा तांब्याचा चपटा तुकडा) ऐकायला गेलात तर जमणार नाही, कारण पॅचची बँडविड्थ जेमतेम काही टक्के असते. एक तर तीन वेगवेगळे अँटेना लावा, नाहीतर एकच स्पायरल बनवा. स्पायरलचं पोलरायझेशन, म्हणजे पुढे जाताना लहरीचं विद्युत क्षेत्र कसं वळतं ते, मुळातच वर्तुळाकार असतं आणि या उपग्रहांना तेच लागतं.

या लेखात आपण १ ते ३ गिगाहर्ट्झचा, साध्या पीसीबीवरचा, दोन भुजांचा आर्किमिडीज स्पायरल बनवणार आहोत. भूमितीत तो ६ गिगाहर्ट्झच्याही वर जातो, पण एफआर-४ या नेहमीच्या पीसीबी बोर्डावर तिथवर जाण्यात अर्थ का नाही ते आकड्यांसकट पुढे येईल. तुम्हाला सोल्डरिंग येतं, केबलच्या ५० ओहमचा अर्थ माहीत आहे आणि ३ गिगाहर्ट्झपर्यंत मोजणारा नॅनोव्हीएनएसारखा छोटा व्हीएनए (अँटेनातून परत येणारा आणि पार जाणारा सिग्नल मोजणारं उपकरण) हाताशी आहे, असं धरून चाललो आहे. व्हीएनए नसेल तर एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये तासभर मागून घ्या. त्याच्याशिवाय हे काम म्हणजे अंधारात तीर मारणं.

एक गोष्ट आधीच सांगतो. स्पायरल बनवणारे नवखे लोक ऐंशी टक्के वेळ भुजांचं सुंदर चित्र काढण्यात घालवतात आणि शेवटी मधोमध कोॲक्स केबलची दोन टोकं चिकटवून मोकळे होतात. मग अँटेना चालत नाही आणि दोष भुजांवर जातो. खरं तर भुजांमध्ये बरीच चूकभूल खपते, फीडमध्ये, म्हणजे केबलपासून भुजांना सिग्नल देणाऱ्या भागात, खपत नाही.

आधी तो चालतो कसा

कासवछाप अगरबत्तीच्या दोन कॉइल एकमेकींत अडकवलेल्या मिळतात ना, तोच आकार. दोन भुजा मध्यापाशी सुरू होतात, एकमेकींच्या समोरासमोर, आणि शेजारी शेजारी राहून बाहेर उलगडत जातात. मध्यभागी त्यांना विरुद्ध फेजचा सिग्नल द्यायचा.

केंद्राजवळ शेजारच्या दोन पट्ट्यांतले प्रवाह विरुद्ध असतात, त्यामुळे ते एकमेकांना मारतात आणि काही बाहेर पडत नाही. तिथे स्पायरल म्हणजे नुसती गुंडाळलेली दोन तारांची लाइन. जसजसं बाहेर जाल तसा फरक पडतो. कोणत्याही एका जागी शेजारच्या दोन पट्ट्यांच्या मार्गात अर्ध्या वेढ्याचा फरक असतो. वेढ्याचा परिघ बरोबर एक तरंगलांबी झाला की अर्धा वेढा म्हणजे अर्धी तरंगलांबी, म्हणजे १८० अंश. सुरुवातीचे १८० त्यात मिळवा: ३६०. शेजारचे प्रवाह एकाच फेजमध्ये आले आणि त्या वलयातून ऊर्जा बाहेर पडली. याला सक्रिय वलय म्हणू. वारंवारता वाढली की हे वलय आत सरकतं, कमी झाली की बाहेर. एवढ्या एका युक्तीवर सगळी बँडविड्थ उभी आहे.

१९५४ साली ओहायोतल्या राइट-पॅटरसन हवाई तळावर एडविन टर्नर यांनी पहिला स्पायरल गुंडाळला. पुढच्या काही वर्षांत इलिनॉय विद्यापीठात व्हिक्टर रम्सी यांनी असे अँटेना वारंवारतेवर अवलंबून का राहत नाहीत याचं तत्त्व मांडलं, आणि तिथल्याच जॉन डायसन यांनी १९५९मध्ये समकोनी स्पायरलवरचं (ज्याच्या भुजा बाहेर जाताना रुंदावत जातात) काम प्रसिद्ध केलं. लढाऊ विमानांवर रडारचा इशारा देणारे जे गोल चपटे अँटेना असतात, ते बहुधा याच घराण्यातले, सहसा २ ते १८ गिगाहर्ट्झचे.

पायरी १: माप ठरवा

सर्वांत खालची वारंवारता बाहेरच्या त्रिज्येवर ठरते आणि सर्वांत वरची आतल्या. सूत्र एकच:

वारंवारता = प्रकाशाचा वेग ÷ (२ × पाय (π) × त्रिज्या)

बाहेरची त्रिज्या ६० मिमी घेतली तर उत्तर येतं सुमारे ७९६ मेगाहर्ट्झ. हा कागदावरचा आकडा. त्या वारंवारतेला सक्रिय वलय अगदी काठावर असतं, उरलेला प्रवाह टोकावर आदळून परत येतो आणि पोलरायझेशन बिघडवतो. म्हणून परिघ तरंगलांबीच्या सव्वापट तरी असावा. त्या हिशोबाने ६० मिमीचा स्पायरल साधारण १ गिगाहर्ट्झपासून पुढे नीट वागतो आणि ११७६ मेगाहर्ट्झला थोडी मोकळीक राहते. बोर्ड १३० मिमी चौरस पुरतो.

आतली त्रिज्या २.२५ मिमी घेऊ. सूत्राने तिथून २१ गिगाहर्ट्झ निघतात. त्याचं आपल्याला काही करायचं नाही, फीडचा सांधा लहान राहावा एवढ्यासाठीच ती लहान ठेवली आहे.

पट्टीची रुंदी १.५ मिमी आणि मधली फटही १.५ मिमी. ही बरोबरी मुद्दाम आहे: तांबं आणि रिकामी जागा सारख्याच आकाराची असली की आकृती स्वपूरक होते आणि इम्पिडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा विरोध, वारंवारतेप्रमाणे हलत नाही. एका पूर्ण वेढ्यात दोन पट्ट्या आणि दोन फटी येतात, म्हणून दर वेढ्याला त्रिज्या ६ मिमीने वाढते. दर रेडियनला ०.९५५ मिमी. २.२५ पासून ६० मिमीपर्यंत साडेनऊच्या थोडे वर वेढे होतात आणि एका भुजेची लांबी भरते जवळजवळ १.९ मीटर. हा १.९ मीटरचा आकडा लक्षात ठेवा, फीड निवडताना लागेल.

पायरी २: चित्र काढा, आणि हात ठरवा

भुजेची मध्यरेषा काढून तिला दोन्ही बाजूंनी जाडी द्यायची ही पहिली सुचणारी पद्धत. करू नका. केंद्राजवळ वळण इतकं घट्ट असतं की रुंदी फसते. त्यापेक्षा एकच वक्र काढा:

त्रिज्या = २.२५ + ०.९५५ × कोन (कोन रेडियनमध्ये, उत्तर मिमीमध्ये)

हा वक्र ०, ९०, १८० आणि २७० अंशांनी फिरवून चार प्रती करा. पहिल्या आणि दुसऱ्या वक्रामधली जागा ही एक भुजा, तिसऱ्या आणि चौथ्यामधली दुसरी. रुंदी आपोआप १.५ मिमी येते, कारण पाव वेढ्यात त्रिज्या तेवढीच वाढते. दर ५ अंशांना एक बिंदू पुरतो. पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळींचा कोड लिहून डीएक्सएफ फाइल काढा आणि ती कायकॅड या पीसीबी आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये तांब्याच्या थरावर भरीव आकृती म्हणून आणा. एका भुजेचे दोन्ही वक्र टोकांना जोडून आकृती बंद करायला विसरू नका, नाहीतर कायकॅड नुसत्या रेषा दाखवतं.

आता हात, म्हणजे उजवं की डावं वर्तुळाकार पोलरायझेशन. बोर्ड छापायला देण्याआधी हे तपासाच. नियम साधा: अंगठा ज्या दिशेने लहर जाणार त्या दिशेला धरा आणि बोटं भुजा बाहेर उलगडत जातात त्या दिशेने वळवा. जो हात जुळतो तेच पोलरायझेशन. आकाशातून खाली बोर्डाकडे पाहिलं आणि भुजा घड्याळाच्या उलट दिशेने उलगडताना दिसल्या, तर आकाशाकडे उजवं पोलरायझेशन जातं. ग्रहण करतानाही तेच लागू. जीपीएस आणि नाविक दोन्ही उजवे. हात चुकला तर चांगला अँटेना उपग्रहाला जवळजवळ बहिरा होतो आणि व्हीएनएवर मात्र सगळं उत्तम दिसतं. स्पायरल दोन्ही बाजूंना प्रारण सोडतो आणि मागच्या बाजूला उलटा हात असतो, म्हणून मोकळा स्पायरल चुकलाच तर बोर्ड पालथा करून निभावता येतं. पण मग बॅलन (केबल आणि भुजांमधला फीडचा तुकडा, तो पुढे येतो) आकाशाकडे उभा राहतो.

बोर्डाची जाडी ०.८ मिमी मागा. १.६ चालतो, पण डायइलेक्ट्रिक (बोर्डाचं विद्युतरोधक द्रव्य) जितकं कमी तितकं स्पायरलला बरं. घरी फेरिक क्लोराइडमध्ये खोदायचा असेल तरी १.५ मिमीच्या फटी टोनर ट्रान्सफरने सहज निघतात.

पायरी ३: फीड कोणता घ्यायचा

हवेत टांगलेल्या स्वपूरक आकृतीचा इम्पिडन्स सिद्धांताने १८८.५ ओहम येतो, म्हणजे मोकळ्या अवकाशाच्या ३७७ ओहमच्या निम्मा. जपानचे यासुतो मुशियाके यांनी दाखवलेली ही गोष्ट. एफआर-४ चिकटलं की तो खाली येतो. एका बाजूला अमर्याद जाड एफआर-४ धरलं तर ११५ ओहमच्या आसपास उतरेल. आपला बोर्ड पातळ, म्हणून उत्तर या दोन टोकांच्या मध्ये पडतं. आखणीसाठी १५० धरा.

तर आपल्यासमोर दोन वेगवेगळी कामं आहेत आणि ती वेगळी समजून घेतली पाहिजेत. एक, ५० ओहमचे १५० करायचे. दोन, केबल असंतुलित आहे (आतली तार आणि बाहेरचं कवच सारखे नाहीत) आणि स्पायरलला दोन्ही भुजांवर समान पण विरुद्ध सिग्नल हवा.

पहिलं काम अर्धवट झालं तरी नुकसान मोजता येतं. ५० ओहमची केबल सरळ १५० वर जोडली तर परावर्तन गुणांक ०.५, व्हीएसडब्ल्यूआर (केबलवरच्या व्होल्टेजच्या चढउताराचं गुणोत्तर) ३ आणि तोटा १.२५ डीबी. ऐकण्यापुरतं हे चालूनही जाईल. दुसरं काम बिघडलं तर मात्र केबलच्या कवचावरून प्रवाह मागे वाहतो, केबल स्वतःच अँटेना होते, मुख्य झोत मध्यापासून कलतो आणि वारंवारता बदलली की तो कलही गोल फिरत जातो. ही दुरुस्ती पुढे कुठेच करता येत नाही. म्हणून संतुलन आधी, मॅचिंग नंतर.

पर्याय बघू. डायसन यांचा जुना उपाय असा: कोॲक्स केबल एका भुजेवरूनच, बाहेरच्या टोकापासून केंद्रापर्यंत, सोल्डर करत आणायची, आणि मध्यात तिची आतली तार उडी मारून दुसऱ्या भुजेला जोडायची. दुसऱ्या भुजेवर सममितीसाठी तशीच मुकी केबल. कल्पना देखणी आहे, कारण सक्रिय वलय ओलांडल्यावर भुजेवर प्रवाहच उरत नाही आणि केबल तिथून बिनबोभाट बाहेर निघते. पण आपल्या भुजा १.९ मीटरच्या आहेत. आरजी-१७८ सारखी बारीक केबल १ गिगाहर्ट्झला मीटरमागे साधारण दीड डीबी खाते आणि जाडीला १.८ मिमी आहे, म्हणजे आपल्या पट्टीपेक्षा रुंद. डायसनची युक्ती मोजक्या वेढ्यांच्या रुंद समकोनी स्पायरलला शोभते. इथे नको.

१:४ चा चिप ट्रान्सफॉर्मर (५० ते २००) सर्वांत आटोपशीर. डेटाशीटमध्ये नुसती वारंवारतेची मर्यादा पाहू नका, अँप्लिट्यूड आणि फेजचा असमतोल पाहा. २ गिगाहर्ट्झच्या पुढे बऱ्याच स्वस्त भागांचा फेज बिघडतो. ११७६ आणि १५७५ एवढंच ऐकायचं असेल तर मी हाच लावीन आणि दुपारपर्यंत मोकळा होईन.

दोन समान लांबीच्या ५० ओहम केबल, दोन्हींची कवचं एकमेकांना जोडलेली, आणि मागे १८० अंशांचा हायब्रिड (एका सिग्नलचे विरुद्ध फेजचे दोन करणारा भाग): हा प्रयोगशाळेचा मार्ग. १०० ओहमचं संतुलित फीड मिळतं, पण पूर्ण वारंवारता-पट्ट्याचा हायब्रिड महाग पडतो.

राहिला तो आपला: निमुळता होत जाणारा मायक्रोस्ट्रिप बॅलन. पीसीबीचाच एक तुकडा. स्वस्त, आणि १ ते ३ गिगाहर्ट्झ सहज झाकतो.

पायरी ४: बॅलन बनवा

एका टोकाला साधी मायक्रोस्ट्रिप: वर ५० ओहमची पट्टी, खाली रुंद ग्राउंड. दुसऱ्या टोकाला बोर्डाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर सारख्याच रुंदीच्या दोन पट्ट्या, म्हणजे संतुलित लाइन. मधल्या प्रवासात ग्राउंड हळूहळू अरुंद होत पट्टीएवढा होतो आणि वरची पट्टीही बारीक होत जाते. म्हणजे संतुलन आणि मॅचिंग दोन्ही एकाच तुकड्यात.

१.६ मिमी एफआर-४, परावैद्युत स्थिरांक ४.४ धरून आकडे असे. ५० ओहमची पट्टी ३.०६ मिमी. १५० ओहमच्या समोरासमोरच्या पट्ट्यांसाठी एक युक्ती वापरा: मध्यात कल्पित ग्राउंड धरा, मग प्रत्येक अर्धा म्हणजे ०.८ मिमी जाडीवरची ७५ ओहमची मायक्रोस्ट्रिप. तिची रुंदी येते ०.७२ मिमी. म्हणजे वरची पट्टी ३.०६ पासून ०.७२ पर्यंत आणि खालचं ग्राउंड २० मिमीपासून ०.७२ पर्यंत.

लांबी किती? क्लॉफेनस्टाइन यांनी १९५६मध्ये दिलेल्या निमुळतेपणाच्या सूत्रात ५० ते १५० ओहमसाठी, वारंवारतेच्या पट्ट्यात परावर्तन ०.०५ च्या वर जाऊ द्यायचं नसेल, तर सर्वांत खालच्या वारंवारतेची जवळजवळ अर्धी तरंगलांबी लागते. एफआर-४ वर १ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण १७० मिमी, अर्धी ८५. आपण ९० मिमी घेऊ. आखूड करायचा मोह होतो, कारण स्पायरलच्या मागे ९० मिमीची शेपटी बेंगरूळ दिसते. आखूड केलात तर फटका खालच्या टोकाला, नेमका ११७६ ला बसेल.

मधल्या आकाराचं काय? वरची पट्टी क्लॉफेनस्टाइनप्रमाणे किंवा नुसत्या घातांकी वक्राने बारीक करा आणि ग्राउंडही घातांकी वक्राने. काटेकोर काम करायचं तर दर ५ मिमीला छेद घेऊन त्या त्या रुंदीचा इम्पिडन्स सॉल्व्हरमध्ये काढावा लागतो, कारण ग्राउंड अरुंद झालं की साधी मायक्रोस्ट्रिपची सूत्रं खोटी ठरतात. पहिल्या बोर्डाला घातांकी वक्र पुरे. ग्राउंडला एकदम कोन किंवा पायरी मात्र देऊ नका.

रुंद टोकाला काठावर बसणारा एसएमए कनेक्टर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घ्यायला गेलात तर ५० ओहमचा आणि १.६ मिमी बोर्डाचा, असं स्पष्ट सांगून घ्या, कारण टीव्ही केबलचा सगळा कारभार ७५ ओहमचा असतो.

आता एफआर-४ चा हिशोब. त्याचा लॉस टॅन्जंट (डायइलेक्ट्रिक किती ऊर्जा खातं त्याचं माप) ०.०२ धरला तर या ९० मिमीत नुसत्या डायइलेक्ट्रिकमुळे १ गिगाहर्ट्झला सुमारे ०.३ डीबी, ३ ला ०.९ आणि ६ ला पावणेदोन डीबी जातात. उपग्रह ऐकताना प्रीॲम्पच्या (पहिल्या सिग्नलवर्धकाच्या) आधी गेलेला प्रत्येक डीबी थेट नॉइजमध्ये मिळतो. ३ गिगाहर्ट्झला रडतखडत चालेल, ६ ला नाही. वर जायचंच असेल तर बॅलनपुरता रॉजर्स ४००३ सारखा कमी तोट्याचा बोर्ड घ्या (त्याचा लॉस टॅन्जंट ०.००२७ आहे) आणि रुंद्या नव्याने काढा. स्पायरल एफआर-४ चाच राहू दे.

बॅलन दोन करून घ्या. सुटा एक बॅलन व्हीएनएवर मोजता येत नाही, कारण त्याचं दुसरं टोक संतुलित आहे. दोन्हींची बारीक टोकं समोरासमोर आणून, वरची पट्टी वरच्या पट्टीला आणि खालची खालच्या पट्टीला सोल्डर करा. आता तुमच्याकडे दोन्हीकडे एसएमए असलेली एक वस्तू आहे. एस-२१ (एका टोकाकडून दुसऱ्याकडे पार जाणारा सिग्नल) मोजा, निम्मा करा: तो एका बॅलनचा तोटा. १ गिगाहर्ट्झला जोडीचा तोटा पाऊण-एक डीबीच्या आसपास आणि पुढे हळूहळू वाढणारी रेघ दिसली की ठीक. मध्येच खोल खड्डा दिसला तर तिथे ऊर्जा प्रारण होऊन जाते आहे किंवा कनेक्टरचं ग्राउंड नीट बसलेलं नाही. मोजताना जोडीच्या मध्यावर बोट जवळ न्या. थोडा फरक पडणारच, पण रेघ नाचायला लागली तर लाइन असंतुलित आहे. हे सगळं स्पायरलला जोडायच्या आधी कळलं पाहिजे, जोडल्यावर दोष कुणाचा ते सांगता येत नाही.

पायरी ५: सांधा

चार वक्रांच्या पद्धतीत प्रत्येक भुजेच्या आतल्या टोकाला पाव वर्तुळाची कड मिळते. दोन कडा समोरासमोर. त्यांच्या मधोमध १.८ मिमी रुंद आणि ३ मिमी लांब खाच ठेवा, तिची लांबी दोन्ही भुजांना जोडणाऱ्या रेषेला आडवी. प्रत्येक कडेपासून खाचेपर्यंत तांब्याची छोटी निमुळती जीभ आणा. बॅलनचं टोक २.८ मिमी रुंदीचं कापून मागच्या बाजूने खाचेत काटकोनात घाला, पट्ट्यांची टोकं तांब्याच्या पातळीला मिलिमीटरभर वर आली पाहिजेत. एका बाजूची पट्टी एका जिभेला, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या जिभेला. बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, भरपूर फ्लक्स आणि अगदी थोडं सोल्डर. दोन्ही डाग सारख्या आकाराचे यावेत: एकीकडे गोळा आणि दुसरीकडे नुसता लेप असेल तर तो असमतोलच.

मग मल्टिमीटर. एसएमएची पिन एका भुजेशी जुळलेली, कवच दुसऱ्या भुजेशी जुळलेलं, आणि दोन भुजा आपसात खुल्या. चिप ट्रान्सफॉर्मर वापरला असेल तर भुजा डीसीला जुळलेल्या दिसू शकतात, त्याला घाबरू नका.

पायरी ६: बाहेरची टोकं

खालच्या वारंवारतेला टोकापर्यंत पोहोचलेला प्रवाह परत फिरतो आणि परतीच्या वाटेवर उलट्या हाताचं पोलरायझेशन सोडतो. उपाय म्हणजे त्याला टोकाशी संपवणं. शेवटच्या वेढ्यात प्रत्येक भुजेला चार ठिकाणी बारीक काप द्या आणि त्यांवर ०८०५ आकाराचे रेझिस्टर लावा, आतून बाहेर वाढत्या किमतीचे: १०, २२, ४७, १०० ओहम. एकदम मोठा रेझिस्टर लावला तर तोच नवं टोक होतो. दोन्ही भुजांवर काप समोरासमोरच्या जागी हवेत. १.२ गिगाहर्ट्झच्या वरच काम असेल तर ही पायरी गाळली तरी चालते.

पायरी ७: मोजा

केबल जोडून, केबलच्या अँटेनाकडच्या टोकाशी व्हीएनए कॅलिब्रेट करून, अँटेना टेबलापासून दूर लाकडी किंवा थर्माकोलच्या आधारावर ठेवा. एस-११ची (परत येणाऱ्या सिग्नलची) रेघ १ गिगाहर्ट्झच्या वर बहुतेक ठिकाणी −१० डीबीच्या खाली असावी. थोडे चढउतार राहतातच, त्यांच्या मागे लागू नका.

सुंदर चाचणी पुढे आहे. व्हीएनए २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास ठेवा. तिथे सक्रिय वलयाची त्रिज्या १९.५ मिमी. आता बोर्डाच्या बाहेरच्या वेढ्यांवर, ५५ मिमीपाशी बोट टेकवा: रेघ जवळजवळ स्थिर राहते, कारण ऊर्जा तिथे पोहोचण्याआधीच निघून गेलेली असते. बोट सरकवत आत आणा. वीस-बावीस मिमीच्या आसपास रेघ हलायला लागते. व्हीएनए १.२ गिगाहर्ट्झवर आणून हेच करा, आता बोट ४० मिमीपाशीच लागू पडतं. पुस्तकातलं वलय बोटाखाली सापडतं. नाही सापडलं, म्हणजे कुठेही बोट ठेवलं तरी रेघ सारखीच नाचत असेल, तर सांधा तपासा.

दुसरी चाचणी केबलची. केबल मुठीत धरून मूठ मागे-पुढे सरकवा. रेघ हलली तर कवचावरून प्रवाह वाहतो आहे आणि बॅलन काम करत नाही.

पोलरायझेशनसाठी साधा द्विध्रुव अँटेना घेऊन दोन मीटरवर उभे राहा, मोकळ्या गच्चीवर. एस-२१ पाहत तो द्विध्रुव हळूहळू अर्धा फेरा फिरवा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वाचनातला फरक म्हणजे ॲक्सियल रेशो. ३ डीबीच्या आत आला तर उत्तम. १ गिगाहर्ट्झजवळ तो जास्त येतो आणि तसा येणारच.

मागची बाजू

मोकळा स्पायरल पुढे आणि मागे सारखाच बघतो. मागे धातूचा पत्रा लावला की परावर्तनात हात उलटतो, म्हणजे मागची डावी लहर उजवी होऊन पुढे येते. इथवर छान. पण पत्रा ३० मिमीवर असेल तर ते अंतर २.५ गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी असतं आणि पुढचा गेन वाढतो. ५ गिगाहर्ट्झला तेच अंतर अर्धी तरंगलांबी होतं आणि समोर थेट खड्डा पडतो. विमानांवरच्या स्पायरलमागे म्हणूनच शोषक भरलेला डबा असतो. तो मागे जाणारी, म्हणजे एकूणातली निम्मी ऊर्जा जाळून टाकतो, ३ डीबी गमावतो, पण पट्टा शाबूत ठेवतो. आपल्या १.१ ते २.५ गिगाहर्ट्झसाठी पत्रा ४० मिमीच्या आसपास ठेवून दोन्ही टोकांना तडजोड करता येते. पत्र्याला मध्यात बॅलन जाण्याएवढं, ग्राउंडच्या कडांना न टेकणारं भोक हवं. पहिल्यांदा मात्र मोकळाच चालवून बघा.

रिसीव्हरला जोडताना

जीपीएसचा सिग्नल जमिनीवर −१३० डीबीएमच्या आसपास पोहोचतो, म्हणून प्रीॲम्प बॅलनच्या एसएमएवरच बसवा, पाच मीटर केबलनंतर नाही. आरटीएल-एसडीआर हा स्वस्त यूएसबी रिसीव्हर साधारण १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे ११७६ आणि १५७५ जमतात. २४९२ साठी हॅकआरएफसारखं काहीतरी लागेल.

वाइडबँड अँटेनाची किंमत इथे मोजावी लागते: तो नको असलेलंही सगळं आणतो. १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवरचे मोबाइल टॉवर आणि घरातला वायफाय यांच्यापुढे उपग्रह काहीच नाही. नाविकचा एस बँड २४८३.५ मेगाहर्ट्झला सुरू होतो आणि २.४ गिगाहर्ट्झचा वायफायचा पट्टा नेमका तिथेच संपतो. मधे एक मेगाहर्ट्झचीही गल्ली नाही. फिल्टर नसेल तर प्रीॲम्प गच्च होतो आणि स्पेक्ट्रमवर खोट्या रेघांचं रान माजतं. म्हणून ऐकायच्या पट्ट्याचा सॉ फिल्टर प्रीॲम्पच्या आधी लावा. त्याचा एक-दीड डीबी तोटा गावाबाहेर अंगावर येईल, शहरात तो द्यावाच लागतो. प्रत्येक पट्ट्याला वेगळी फिल्टर-प्रीॲम्प जोडी करून एसएमएवर बदलत राहा, अँटेना तोच.

आणि हे सगळं ऐकण्यापुरतं. याच स्पायरलमधून प्रक्षेपण करायचं असेल तर हौशी रेडिओचा परवाना आणि त्यात दिलेले बँड, किंवा परवानामुक्त पट्ट्यांतली ठरवून दिलेली शक्तीची मर्यादा. आपल्या पट्ट्यात येणारा हौशी बँड १२६० मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. तिथे पाठवायचं ठरवलंत तर टोकाचे ०८०५ रेझिस्टर काही शे मिलिवॉटच्या वर तापतील, एवढं धरून चाला.